झाळ न लावता बसलेला रवा

नाशिकचा एक तरुण कारागीर तीन वर्षं चांदीत काम करतोय. त्याने विचारलंय ते थोडक्यात असं: भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या दागिन्यांवरून तो एक मालिका करतोय. त्यात क्रीट बेटावरची मधमाशी आहे, ग्रीकांची हेराक्लीसची गाठ आहे, इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचं रव्याचं, म्हणजे पत्र्यावर बारीक गोळ्या बसवण्याचं, काम आहे. छायाचित्रं समोर ठेवून मेणाचे नमुने केले, काही नग ओतून घेतले, काहींवर रवे झाळून, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडून, बसवले. सगळं नीटनेटकं झालंय, पण जुन्या दागिन्यात जे दिसतं ते यात दिसत नाही. रवे झाळीत बुडतात. चुकतंय कुठे, आणि पुढे कोणती चिन्हं घ्यावीत?

तुमच्या नगांचे फोटो मी मोठे करून पाहिले. हात चांगला आहे, प्रमाणं बरोबर आहेत. अडचण एकाच जागी आहे, ती म्हणजे रवा पत्र्याला जिथे टेकतो ती जागा. तिथलं काम जमलं की बाकीचं बरंच आपोआप जमेल, म्हणून आधी त्याबद्दल आणि सविस्तर लिहिते. चिन्हांचं नंतर.

एक जुना रवा आणि एक तुमचा रवा दहापट भिंगाखाली शेजारी शेजारी आहेत असं समजा. जुना रवा अख्खा गोल असतो. तो पत्र्याला टेकतो ते जवळजवळ एका बिंदूवर, आणि त्या बिंदूभोवती खाली बारीक काळी सावली असते. शेकडो रवे ओळीत बसले की त्या सावल्यांची मिळून एक रेघ होते आणि नक्षी पत्र्यापासून सुटून वर आल्यासारखी दिसते. तुमच्या रव्याच्या बुडाशी झाळ साचली आहे. कणकेत दाबलेल्या मोहरीसारखा तो अर्धा आत गेलाय. सावली गेली, त्यामुळे चमक आहे पण उठाव नाही. ओतलेल्या नगात तर मुळात फटच नसते, रव्यांमधल्या दऱ्या साच्यातच बुजलेल्या असतात. पॉलिश कितीही केलं तरी ती सावली परत येत नाही, उलट बफ लावला की रव्यांची डोकी सपाट होतात आणि आणखी नुकसान होतं.

म्हणजे प्रश्न झाळ कमी लावण्याचा नाही. एट्रुस्कन सोनारांनी इथे आपल्या अर्थाने झाळ लावलेलीच नाही.

चेर्वेतेरी हे रोमच्या वायव्येला असलेलं गाव. तिथे १८३६ मध्ये एक न लुटलेली कबर उघडली गेली. उघडणाऱ्या दोघांच्या नावांवरून तिला रेगोलिनी-गालासी कबर म्हणतात. तिच्यात सापडलेलं वस्त्र अडकवायचं सोन्याचं मोठं काटापिन आज व्हॅटिकनच्या एट्रुस्कन संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातलं, सुमारे ३० सेंटिमीटर लांब. वरच्या चकतीवर पाच सिंह, खालच्या भागावर ओळीने छोटी बदकं, आणि सगळ्यांच्या कडेने रवा. मी त्या काचेसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझं रव्याचं काम करून दहा वर्षं झाली होती. हुपरीजवळ काकांच्या हाताखाली मी चांदीत शिकले, बारीक काम म्हणजे काय हे मला कळतं असं मला वाटत होतं. काचेपाशी पंधरा-वीस मिनिटं गेली आणि मग लक्षात आलं की आपण झाळ शोधतोय आणि ती कुठेच सापडत नाहीये. एट्रुस्कनांच्या उत्तम कामात रवा ०.२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. इतक्या बारीक रव्याला नेहमीची झाळ लावायची तर झाळीचा कणच रव्यापेक्षा मोठा होईल.

हे कोडं सोडवायला युरोपातल्या सोनारांनाही शंभर वर्षं लागली. रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने एकोणिसाव्या शतकात एट्रुस्कन दागिन्यांचं पुनरुज्जीवन हाती घेतलं. डोंगराळ मार्के प्रांतातल्या सांतांजेलो इन वादो गावात जुनी पद्धत थोडीफार टिकली आहे असं कळल्यावर तिथले कारागीर त्यांनी रोमला आणले. टाकणखाराऐवजी आर्सेनिकचे क्षार वापरून पाहिले, झाळीची कानस मारून अगदी भुकटी केली. त्यांचे दागिने अप्रतिम आहेत, रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात ते पाहायला मिळतात. पण झाळ सुटली नाही, आणि जुन्या कामाच्या जवळ जाऊनही आपण तिथे पोचलो नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. मला या घराण्याबद्दल फार आदर आहे तो याचसाठी.

उत्तर मिळालं विसाव्या शतकात. जर्मनीत एलिझाबेथ ट्रेस्कोव्ह यांच्यासारख्या सोनारांनी प्रयोग करून ते गाठलं आणि इंग्लंडमध्ये लिटलडेल यांनी १९३३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गंमत अशी की किल्ली पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाच्या लिखाणात पडून होती. सोनं जोडायला हिरवं तांब्याचं खनिज वापरतात असं तो सांगतो, आणि त्या खनिजाचं ग्रीक नाव ‘ख्रिसोकोला’ म्हणजे सरळ सरळ सोन्याचा डिंक.

होतं ते असं. तांब्याच्या क्षाराची, म्हणजे मॅलेकाइटसारख्या हिरव्या खनिजाची, बारीक पूड डिंकात कालवायची आणि त्याने रवे चिकटवायचे. तापवायला लागलं की आधी क्षाराचं काळं तांबे-ऑक्साइड होतं. ६०० अंश सेल्सिअसपर्यंत डिंकाचा कोळसा होतो. ८५० वर तो कोळसा ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि मागे उरतं शुद्ध तांबं, तेही नेमकं रवा आणि पत्रा टेकतात तिथे, केसाच्या जाडीपेक्षा पातळ. सोनं १०६४ अंशांवर वितळतं, तांबं १०८५ वर. पण दोन्ही एकमेकांना चिकटून असले की ती टेकलेली जागा ८९० च्या सुमारास वितळते. बाकी दागिना घट्टच असतो, फक्त तो बिंदू क्षणभर पातळ होतो, तांबं सोन्यात मुरतं आणि सांधा बसतो. वेगळी झाळ नाही, म्हणून साचायलाही काही नाही.

आपल्याकडच्या सोनारांना यात आणखी एक गोष्ट कळेल. झाळीमुळे दागिन्याचा कस उतरतो हे आपलं जुनं दुखणं. कस उतरू नये म्हणून केडीएम आलं, म्हणजे कॅडमियमची झाळ. तिच्या धुराने किती कारागिरांची छाती गेली ते आपल्या पेठांना ठाऊक आहे. जुन्या पद्धतीत तांबं इतकं कमी लागतं की कसावर त्याचा परिणाम जाणवतही नाही.

आता चांदीचं. तुम्ही चांदीत काम करता हे एका अर्थी चांगलंच आहे. शुद्ध चांदी ९६२ अंशांवर वितळते आणि चांदी-तांब्याचा सांधा ७८० लाच. मधे जवळजवळ १८० अंशांची मोकळीक मिळते. बावीस कॅरेट सोन्यात ही मोकळीक फारच कमी असते. म्हणून सुरुवातीला पत्रा आणि रवा दोन्ही शुद्ध चांदीचे घ्या. ९२५ चांदीवर, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या मिश्रधातूवर, नंतर या. तिच्यात आधीच तांबं असल्यामुळे पत्रा लवकर ढासळतो.

रवा करायला चांदीची ०.४ मिलिमीटरची तार घ्या आणि तिचे ०.४ मिलिमीटरचेच तुकडे पाडा. जाडीएवढीच लांबी ठेवली की गोळीचा व्यास जाडीच्या सुमारे १.१५ पट येतो, म्हणजे इथे ०.४६ मिलिमीटर. हे गणित वहीत लिहून ठेवा, पुढे हवा तो रवा मोजून करता येईल. मुशीत कोळशाच्या पुडीचा थर द्या, त्यावर तुकडे एकमेकांना न टेकतील असे पसरा, वर पुन्हा पूड, पुन्हा तुकडे. मूस चांदी वितळण्याच्या वर नेऊन तशीच निववा. प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो. साबणाच्या पाण्यात धुतलं की कोळसा वर तरंगतो आणि रवा तळाशी बसतो. मग बारीक चाळण्यांतून मापाप्रमाणे निवडा. निवडण्याचा कंटाळा करू नका. एका ओळीतला एक रवा जरी मोठा असला तरी डोळा तिथेच अडखळतो.

तांबं चढवायला मी चांदीसाठी मॅलेकाइट वापरत नाही, तिची पूड श्वासात जाणं बरं नाही. त्याहून सोपी वाट प्रत्येक कारखान्यात असते. वापरून वापरून निळं-हिरवं झालेलं तेजाबाचं पाणी आपण लोखंडी चिमट्याने ढवळत नाही, कारण नग लालसर होतो. इथे तेच मुद्दाम करायचं. रवे त्या पाण्यात टाका आणि लोखंडी तारेने त्यांना स्पर्श करा. मिनिटाभरात सगळे रवे गुलाबी होतात. तेवढा थर पुरतो. स्वच्छ धुऊन वाळवा.

चिकटवायला कतीरा डिंक किंवा बिहीदाण्याचं पाणी घ्या. बिहीदाणा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. चार-पाच बिया वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवल्या की पाणी बुळबुळीत होतं. हे पाणी नंतर जळून जातं आणि मागे काही घाण ठेवत नाही. त्यात टाकणखाराचं अगदी पातळ पाणी एक-दोन थेंब. अगदी बारीक ब्रशच्या टोकाने एकेक रवा उचलून बसवा.

आणि मग थांबा. वाळू द्या. याच जागी माझं सर्वांत जास्त नुकसान झालेलं आहे. एका लग्नासाठी पिंपळपानाच्या आकाराचं पदक करत होते, कडेने तीन ओळी, सहाशेच्या वर रवे. दोन दिवस बसवण्यात गेले. संध्याकाळ झाली होती, डिंक वरून कोरडा दिसत होता, मी ज्योत लावली. आतला ओलावा उकळला आणि मधल्या ओळीचे रवे पॉपकॉर्नसारखे उडाले. उरलेले वाचवावेत म्हणून मी ज्योत काढली नाही, आणखी जवळ नेली. पानाचं टोक आत खचलं. रवा बघत राहिले आणि पत्रा बघायचा विसरले. तेव्हापासून माझा नियम आहे: चिकटवलेला नग रात्रभर दिव्याखाली ठेवायचा, आणि ज्योत लावल्यावर नजर पत्र्यावर ठेवायची.

ज्योत मऊ हवी, पिवळसर टोकाची, वारा कमी दिलेली. जास्त वारा दिला की तांब्याचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि सांधा धरत नाही. नग लोखंडी जाळीवर ठेवून आधी खालून तापवा, पत्रा जाड आहे, त्याला वेळ लागतो. खोलीत उजेड कमी ठेवा. पत्रा मंद लाल झाला की वरून ज्योत फिरवत राहा, एका जागी थांबू नका. मग तो क्षण येतो. रव्यांच्या बुडाशी एक ओलसर झळाळी धावते, जणू चांदीला घाम फुटला. ती एका कडेकडून दुसरीकडे जाते. ती जिथे पोचली तिथून ज्योत पुढे न्यायची, शेवटच्या रव्यापर्यंत गेली की लगेच बाजूला. एक सेकंद जास्त झाला तर रवे पसरतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही. दहा रुपयांच्या नाण्याएवढे दहा-बारा पत्रे निव्वळ यासाठी जाळा, प्रत्येकावर एक साधा त्रिकोण. सातव्या-आठव्याला डोळा तयार होतो.

तारेबद्दल थोडं. जुन्या ग्रीक आणि एट्रुस्कन कामात तार जंत्रीच्या भोकातून ओढलेली नसते. सोन्याच्या पातळ पट्टीला पीळ देऊन, दोन सपाट फळ्यांमध्ये लाटून ती गोल केलेली असते. भिंगाखाली तिच्या अंगावर तिरकी, मळसूत्रासारखी रेघ दिसते. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यात तारेवर उभ्या सरळ रेघा दिसल्या तर जाणकार तिथेच शंका घेतात. तुम्ही नवं काम करताय, ओढलेली तार वापरायला काही हरकत नाही. पण एकदा तरी पट्टी पिळून तार करून पाहा. तिच्यावर उजेड वेगळा पडतो.

साखळीसाठी आपला गोफ डोळ्यांसमोर आणा. ग्रीकांची कडीत कडी घातलेली साखळी त्याच्याच घरातली वाटावी अशी असते. आधी कड्या जोडून बंद करायच्या, मग प्रत्येक कडी लांबट दाबून पुढच्या कडीतून ओवायची. सगळी आग आधीच संपलेली असते, पुढचं काम हाताचं. मऊ, जड, सापासारखी वळणारी साखळी होते. तुमच्या पदकांना मशीनची साखळी लावली आहे, ती बदला. पदकापेक्षा साखळी आधी बोलते.

आता चिन्हं. हेराक्लीसची गाठ घ्या, बिनधास्त घ्या. दोन दोऱ्यांची ही सरळ गाठ, ओढली की घट्ट होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती सोन्यात सगळीकडे दिसते, मुकुटांत, कमरपट्ट्यांत, बांगड्यांत, पुष्कळदा मध्यभागी लाल गार्नेटचा खडा बसवलेली. रोमन नवरीचा कमरपट्टा याच गाठीने बांधत आणि नवरा तो सोडत असे. जखमेची पट्टी या गाठीने बांधली तर जखम लवकर भरते असंही प्लिनीने लिहून ठेवलंय. आपल्याकडे नवरानवरीच्या शेल्याची गाठ मारतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला फार समजवावंही लागत नाही. करताना मात्र गाठ खरी मारा. दोन पोकळ नळ्या वळवून एकमेकींत अडकवा, गाठीच्या चित्राचा साचा काढू नका.

क्रीटच्या मधमाशीबद्दल जपून. मालिया इथल्या ख्रिसोलाक्कोस कबरस्तानातलं ते पदक आज हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहे, इसवी सनापूर्वी १८०० ते १७०० च्या दरम्यानचं, पाच सेंटिमीटरच्या आसपास. दोन माश्या समोरासमोर वळलेल्या, मधे रव्याने भरलेली गोल चकती, डोक्यांवर सोन्याच्या तारांचा छोटा पिंजरा आणि त्यात एक सुटी गोळी, खाली लोंबणाऱ्या तीन चकत्या. त्या मधमाश्या की गांधीलमाश्या यावरही अभ्यासकांचं एकमत नाही, आणि क्रीटच्या त्या प्राचीन मिनोअन लोकांची लिनिअर ए लिपी अजून वाचता आलेली नाही. म्हणून तुम्ही चिठ्ठीवर छापलेलं ‘सुपीकतेच्या मिनोअन देवीचं पवित्र चिन्ह’ हे काढून टाका. ‘मालियाच्या पदकावरून’ एवढंच लिहा. मधमाशी आणि देवी यांचं नातं सांगायचंच असेल तर एफिसस या जुन्या ग्रीक शहराच्या चांदीच्या नाण्यांकडे वळा. त्या शहरावर आर्टेमिस देवीचा वरदहस्त आणि नाण्यावर स्वच्छ मधमाशी, तिथे पुरावा हातात आहे. आणि निळा काचेचा डोळा ‘प्राचीन ग्रीक’ म्हणून विकू नका. डोळ्याचे काचमणी भूमध्य समुद्रावरच्या जुन्या फिनिशियन व्यापाऱ्यांच्या काळातही होते, पण आज बाजारात मिळतो तो चपटा निळा डोळा तुर्कस्तानातल्या भट्ट्यांचा आहे. त्याला तुर्की म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

खरी जुनी नाणी मात्र पदकात बसवू नका, कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि झाळीच्या ज्योतीखाली गेलेलं नाणं इतिहासाच्या दृष्टीने संपतं.

तुम्हाला मालिकेत महाराष्ट्राशी धागा हवाय, असंही तुम्ही लिहिलंय. तो ओढूनताणून आणायची गरज नाही, तो पोवळ्यात आहे. आपल्या आज्यांच्या दागिन्यांत ओवलेलं लाल पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे, आणि त्याच बंदराकडे माल पाठवणाऱ्या गावांत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं आहेत. रोमन लोकांना भारतीय मोत्याचं जेवढं वेड, तेवढंच भारतीयांना पोवळ्याचं, असं प्लिनी म्हणतो. कोल्हापूरला आलात तर टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती जरूर पाहा. तिथून रंकाळ्यापर्यंत चालत जाताना मला नेहमी वाटतं, हा समुद्राचा देव किती लांब आला.

पोवळं वापरलंत तर एक लक्षात ठेवा. ते दगड नाही, समुद्रातल्या जिवाचं चुन्याचं हाड आहे. आग, तेजाब, लिंबूसत्त्व, काहीही सोसत नाही, एका थेंबाने झिलई जाते. म्हणून रवा, तार, साखळी, सगळी आग आणि सगळी धुलाई आधी संपवा. पोवळं ज्यात बसतं त्या चांदीच्या घराची भिंत पातळ, शुद्ध चांदीची ठेवा, म्हणजे जोर न लावता वळेल. पोवळं सर्वांत शेवटी बसवा, भिंत हाताने दाबून घ्या आणि मऊ कापडाने पुसा. त्या बारा पत्र्यांपैकी शेवटचे तीन माझ्याकडे पाठवा, पॉलिश न करता. भिंगाखाली रव्याच्या बुडाशी सावली दिसते का ते मी पाहून सांगते.